तान्याचा कॉन्ट्राबास आणि ॲमस्टरडॅमचं कोर्ट : एक प्रकरण अभ्यास

"मॅडम, अनाथ पोरगा आणि जादूची शाळा ही काय कुणाच्या बापाची मालमत्ता आहे का?"

गेल्या पावसाळ्यात एका तरुण लेखकानं मला फोनवर हे विचारलं. त्याच्या कादंबरीचं हस्तलिखित माझ्या टेबलावर होतं. अडीचशे पानं, नीट टाईप केलेली. आईबाप नसलेला मुलगा, छळणारे काका-काकू, अकराव्या वर्षी अचानक आलेलं पत्र, डोंगरापलीकडची शाळा, आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही असा एक दुष्ट. मी किशोरवयीन वाचकांसाठीची हस्तलिखितं वाचते, सुधारते. असं एखादं तरी दरवर्षी हाती येतंच. मी त्याला म्हटलं होतं, "अरे, पहिली सत्तर पानं मला पाठ आहेत, आणि ती तुझी नाहीत." त्यावर हा प्रश्न आला.

प्रश्न चुकीचा नव्हता. अनाथ मुलगा आणि गुप्त विद्या हे खरंच कुणाच्या मालकीचं नाही. आपल्याकडे तर कर्णच बघा. जन्मतःच टाकून दिलेला, सारथ्याच्या घरी वाढलेला, खरं कूळ माहीत नसलेला, खोटं सांगून परशुरामाकडे अस्त्रविद्या शिकणारा आणि शेवटी शाप घेऊन परतणारा. कचाला आईबाप होते, पण परक्या गुरूच्या घरी राहून संजीवनी शिकायला तोही गेलाच. व्यासांनी कुणाला नोटीस पाठवलेली नाही.

पण हेच उत्तर घेऊन एक प्रकाशक २००३ साली ॲमस्टरडॅमच्या कोर्टात उभा राहिला, आणि हरला. त्या मुलाला मी ती हकीकत घाईघाईत सांगितली होती. इथे नीट मांडते.

मुलगी, पेटी आणि मोज्यांचा व्यापारी

दिमित्री येमेत्स हा मुलांसाठी लिहिणारा रशियन लेखक, जन्म १९७४चा. २००२ मध्ये मॉस्कोच्या एक्स्मो या बड्या प्रकाशनसंस्थेनं त्याची कादंबरी काढली. तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'तान्या ग्रोत्तर आणि जादूचा कॉन्ट्राबास'. कॉन्ट्राबास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात थोरलं वाद्य. माणसापेक्षा उंच, त्यामुळे उभं राहून किंवा उंच स्टुलावर बसून वाजवायचं.

ती वेळही बघण्यासारखी आहे. जे. के. रोलिंगच्या 'हॅरी पॉटर' मालिकेतलं पहिलं पुस्तक ब्रिटनमध्ये १९९७च्या जूनमध्ये आलं. रशियन भाषांतरं रोसमन या प्रकाशनानं २०००पासून काढायला सुरुवात केली. पहिला चित्रपट नोव्हेंबर २००१चा. म्हणजे मॉस्कोतल्या पोरांच्या डोक्यात हॅरी पुरता बसला होता, तेव्हा ही तान्या आली. नावातच खोडी होती आणि ती कुणी लपवलीही नव्हती. हे रशियाचं हॅरीला उत्तर आहे, असंच लेखकाच्या बाजूनं सांगितलं जात होतं.

अशा वादात लोक आधी मत ठरवतात आणि मग पुस्तकं उघडतात. म्हणून मी एका फुलस्केपवर उभी रेघ मारून दोन रकाने आखले आणि दोन्ही पुस्तकांची सुरुवात शेजारी शेजारी मांडली.

डावीकडे हॅरी. तान्हेपणी एक दुष्ट जादूगार त्याच्या आईबापांना मारतो, पण बाळाला मारताना स्वतःच कोसळतो. बाळाच्या कपाळावर व्रण उरतो. बाळाला मावशीच्या दारात ठेवलं जातं. मावशीचा नवरा ड्रिलिंगची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा संचालक. त्यांना एक लाडावलेला मुलगा. हॅरी जिन्याखालच्या कपाटात झोपतो. दुष्टाचं नाव उच्चारायचं नाही.

उजवीकडे तान्या. एक दुष्ट चेटकीण तिच्या आईबापांना मारते, बाळापुढे मात्र तिची विद्या चालत नाही. तान्याच्या नाकावर एक तीळ. बाळाला दूरच्या नातेवाइकांच्या दारात ठेवतात, तेही कॉन्ट्राबासच्या पेटीत घालून. या घरचा कर्ता जुन्या, वापरलेल्या मोज्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचा संचालक. त्यांना एक लाडावलेली मुलगी. तान्या झोपते मॉस्कोच्या उंच इमारतीतल्या काचा लावलेल्या बाल्कनीत. चेटकिणीचं नाव चुमा-देल-तोर्त, पण लोक तिचा उल्लेख 'जी आता नाही ती' असा करतात.

कागदाच्या तळाशी पोहोचेपर्यंत माझी पेन्सिल थांबली नाही. घटना त्याच, क्रमही तोच. एकेक गोष्ट सुटी धरली तर कुठलीच कुणाच्या मालकीची नाही. सगळ्या एका माळेत ओवल्या की माळ ओळखू येते.

पण त्याच कागदावरचे मोजे बघा. ड्रिलच्या कंपनीचा साहेब हा ब्रिटिश मध्यमवर्गाच्या कंटाळवाणेपणावरचा चिमटा आहे. वापरलेल्या मोज्यांचा घाऊक व्यापारी हा सोव्हिएत संघ कोसळल्यावर मॉस्कोत रातोरात 'डायरेक्टर' झालेल्यांचा नमुना आहे. त्या घराण्याचं आडनाव दुर्नेव्ह, आणि 'दुर्नोय' म्हणजे वाईट, कुरूप. आपल्याकडे कुणाचं आडनाव 'ओंगळे' ठेवावं तसं. इथे येमेत्स नक्कल करत नाही, चेष्टा करतोय. पुढे वादाचा सगळा जोर याच भेदावर होता.

बुयान बेटावरची शाळा

तान्या शाळेत पोचली की पुस्तकाची हवा बदलते. शाळेचं नाव तिबिदोख्स. सोव्हिएत काळात वाढलेल्यांना ते ऐकताच हसू येतं, कारण 'त्राख-तिबिदोख' हा मुलांच्या गोष्टीतल्या एका म्हाताऱ्या जिनाचा मंत्र त्यांच्या लहानपणापासून ओठांवर असतो. म्हणजे उद्या कुणी मराठीत जादूच्या शाळेला 'छूमंतर विद्यालय' म्हणावं, तसा हा प्रकार. शाळा आहे बुयान बेटावर. हे बेट रशियन लोककथांतलं, पुश्किनच्या काव्यातही येतं. मुख्याध्यापकांचं आडनावही पुश्किनच्या लांब दाढीच्या मांत्रिकावरून घेतलेलं. तान्याच्या मित्राची आजी म्हणजे रशियन कथांतली बाबा यागा, कोंबडीच्या पायांवरच्या झोपडीत राहणारी म्हातारी. खेळही तिथला आहे : चेंडू ड्रॅगनच्या जबड्यात टाकायचा. जादूसाठी छडी नाही, अंगठी लागते. आणि मुलगी उडते ती झाडूवर नाही, त्या अजस्र वाद्यावर बसून.

मला हा भाग मनापासून आवडतो. कॉन्ट्राबासवर बसून उडणारी मुलगी या चित्रात एक वेडेपणा आहे. झाडू हलका, हाताशी असलेला. हे मात्र कपाटाएवढं धूड. गरीब घरात वारसाहक्कानं आलेली, कुठे ठेवायची हेच न कळणारी वस्तू असते ना, तसं.

खटला

रोलिंगच्या वकिलांनी एक्स्मोला पुस्तक थांबवायला सांगितलं. एक्स्मोनं ते मानलं नाही आणि रशियात विक्री चालूच राहिली. मालिका पुढे डझनभराहून जास्त पुस्तकांपर्यंत गेली.

पेच आला तो पुस्तक सीमा ओलांडू लागलं तेव्हा. नेदरलँड्समधल्या बिब्लॉस या प्रकाशकानं डच हक्क घेतले आणि ७,००० प्रती काढायचं ठरवलं. रोलिंग आणि चित्रपटांचे हक्क असलेली टाइम वॉर्नर यांनी ॲमस्टरडॅमच्या जिल्हा न्यायालयात तातडीच्या मनाईसाठी धाव घेतली. आता माझा तर्क : ७,००० प्रतींनी रोलिंगच्या खिशाला काहीच फरक पडला नसता. पण पहिलं पाश्चात्त्य भाषांतर निर्वेध निघालं असतं तर मागोमाग जर्मन, फ्रेंच, इंग्रजी आलं असतं. वकिलांना दाराशीच अडवायचं होतं. शिवाय हॅरीचा पाचवा भाग त्याच वर्षी २१ जूनला यायचा होता आणि वाचक आसुसून बसले होते.

बचावाचे मुद्दे दोन. पहिला माझ्या तरुण लेखकाचाच : अनाथ मूल, दुष्ट मांत्रिक, मंतरलेली शाळा हे सगळं लोककथांचं धन आहे, रोलिंगनंही तिथूनच उचललं. दुसरा : हे विडंबन आहे, आणि विडंबनाला मूळ कृती उचलावीच लागते, त्याशिवाय वाचक हसणार कशाला?

३ एप्रिल २००३ रोजी कोर्टानं दोन्ही मुद्दे फेटाळले. लोककथांतले घटक सगळ्यांचे असले तरी त्यांची जी गुंफण एका लेखकानं केली ती त्याची असते. तान्याच्या कथेत ती गुंफण पुन्हा आली आहे, म्हणून हे मूळ कृतीचं रूपांतर ठरतं, आणि रूपांतराला परवानगी लागते, असं त्या निकालाचं सार. विडंबनाचा दावाही टिकला नाही. बिब्लॉसला डच आवृत्ती काढता आली नाही. गंमत म्हणजे शेजारच्या बेल्जियममधल्या एका प्रकाशकानं त्याच वर्षी डच भाषेतल्या १,००० प्रती काढल्या, जणू 'या, आमच्यावरही खटला भरा' म्हणून. तिथे कुणी गेलं नाही.

विडंबन कुठे अडलं

विडंबन म्हणजे काय हे मराठी वाचकाला शिकवायला नको. केशवकुमारांच्या, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'नं ते आपल्याला कधीच शिकवलंय. अत्र्यांनी रविकिरण मंडळाच्या कवींची वृत्तं, लकबी, भावविवशता सगळं उचललं, पण ती कविता वाचताना हसू येतं ते मूळ कवीच्या ढंगाला. ती वाचून कुणी म्हणणार नाही, 'चला, आता मूळ संग्रह विकत घ्यायला नको.' विडंबन मूळ पुस्तकाच्या जागी बसत नाही, त्याच्याकडे बोट दाखवतं.

या कसोटीवर येमेत्सचं पहिलं पुस्तक अर्धवट उतरतं. मोज्यांच्या व्यापाऱ्याला आपण हसतो, पण ते हसणं रोलिंगच्या पुस्तकाला नाही, मॉस्कोतल्या नवश्रीमंतांना आहे. रोलिंगकडून घेतलेला सांगाडा मात्र सरळ साहसकथा म्हणूनच वापरलाय. दहा वर्षांच्या वाचकाला तान्या हवी असते ती पुढे काय होतं यासाठी, हॅरीची थट्टा बघायला नाही. ज्या कारणासाठी तो हॅरी वाचतो, नेमक्या त्याच कारणासाठी. दुकानात दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर, एकाच खिशावर डोळा ठेवून बसलेली. निकाल मला पटतो तो यामुळे.

पण खटकतंही एक, आणि हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचते ते त्यासाठीच. कोर्टापुढचा प्रश्न डच आवृत्तीचा होता. आता त्या डच वाचकाच्या जागी बसून बघा. तिबिदोख्स हे त्याला नुसतं विचित्र नाव वाटणार. जिनाचा मंत्र त्यानं कधी म्हटलेला नाही. बुयान त्याला नकाशावरचं एखादं बेट वाटणार. दुर्नेव्हमधली शिवी त्याला ऐकू येणार नाही. भाषांतराच्या चाळणीतून खाली काय पडतं? तीळ, छळणारे नातेवाईक, मेलेले आईबाप, शाळा. म्हणजे जे उसनं होतं ते अख्खंच्या अख्खं सीमेपार गेलं, आणि जे येमेत्सचं स्वतःचं होतं ते वाटेत सांडलं. रशियात जे पुस्तक निम्मं थट्टेचं वाटत असेल, ते ॲमस्टरडॅमला पोचेपर्यंत नुसतं साम्य होऊन गेलं. न्यायाधीशांना दोष देता येत नाही, त्यांनी समोर होतं ते तोललं.

भाषांतरात उलटंही घडतं म्हणा. हॅरीच्या पहिल्या भागाचं मराठी नाव आहे 'हॅरी पॉटर आणि परीस'. इंग्रजीत त्या दगडाच्या नावात तत्त्वज्ञ येतो. अमेरिकेत तो मुलांना जड जाईल म्हणून तिथे चक्क जादूगार केला. मराठीत हा घोळच नाही. लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्याकडे शतकानुशतकं एका शब्दात बसलाय, आणि अभंगांत, म्हणींत रुळलाय. या एका शब्दात मराठी पुस्तक मूळ पुस्तकाहून श्रीमंत आहे, असं मी बिनधास्त म्हणेन.

हेच आपल्याकडे झालं असतं तर

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा, आणि अशा भांडणात अजूनही ज्या निकालाचं नाव आधी घेतलं जातं तो १९७८चा : आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिलं होतं, पंजाबी आणि मद्रासी घरांतल्या प्रेमाचं, प्रांतवादावर बोट ठेवणारं. पुढे 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला, विषय तोच. नाटककार कोर्टात गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरला. न्यायालयानं सांगितलं ते असं : कल्पना, विषय, कथावस्तू, ऐतिहासिक किंवा दंतकथेतली घटना यांवर कुणाचा हक्क नाही, हक्क असतो तो मांडणीवर. आणि सगळ्यात खात्रीची कसोटी म्हणजे दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाच्या मनावर 'ही त्याची नक्कल आहे' असा स्पष्ट, न चुकणारा ठसा उमटतो का?

माझ्या फुलस्केपला ही कसोटी लावली तर? पहिल्या प्रकरणांपुरता ठसा नक्की उमटतो. बुयानवर पोचल्यावर तो पुसट होत जातो. म्हणून दिल्ली किंवा मुंबईत हा खटला ॲमस्टरडॅमइतक्या झटपट संपला नसता असं मला वाटतं. प्रतिवादीच्या वकिलानं बाबा यागाला साक्षीला उभं केलं असतं.

हॅरीवरून भारतात कोर्टकज्जे झाले ते वेगळ्याच गोष्टींवरून. २००७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये एका मंडळानं दुर्गापूजेला हॅरीच्या शाळेचा मांडव उभारला. रोलिंग आणि मंडळी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, २० लाखांची मागणी झाली. न्यायालयानं त्या वर्षापुरता मांडव राहू दिला, पुढे परवानगीशिवाय नको म्हणून बजावलं. आपल्या गणेशोत्सवात दर वर्षी कुठला ना कुठला किल्ला, महाल, चित्रपटाचा सेट उभा राहतो. त्या मंडळांनी ही बातमी वाचली असेल की नाही, कुणास ठाऊक. पुढच्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सनं 'हरी पुत्तर' या हिंदी चित्रपटाच्या नावाला हरकत घेतली. तिथे मुद्दा कथेच्या नकलेचा नव्हता, नावातल्या साम्याचा होता. दिल्ली उच्च न्यायालयानं मनाई नाकारली. हॅरी वाचणारा प्रेक्षक एवढा भोळा नाही की या विनोदी चित्रपटाला जादूची शाळा समजेल, शिवाय वादी फार उशिरा जागे झाले, असा एकंदर सूर होता. वाचकाच्या अकलेवर इतका विश्वास दाखवणारे निकाल विरळाच.

टेबलावरचं हस्तलिखित

हे सगळं ऐकून तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, नावं बदलली तर चालेल?" मला हसू आवरलं नाही. नावं तर येमेत्सनंही बदलली होती.

त्याच्या हस्तलिखिताच्या सातव्या प्रकरणात चार पानं आहेत. शाळेच्या मेसमध्ये रात्री आचारी ताटं मोजतो. एकशे बारा मुलं, पण ताटं रोज एकशे तेरा उष्टी. आचारी कुणाला सांगत नाही. तो फक्त रोज एका माणसाची भाकरी जास्त थापायला सांगतो, आणि रेक्टरनं पिठाचा हिशेब विचारला की म्हणतो, "उंदीर झालेत." त्या एकशे तेराव्या ताटात मिरचीचा ठेचा कधी उरत नाही, भात मात्र तसाच पडून असतो. जो कोण येतो तो भात न खाणाऱ्या मुलखातला आहे, एवढं आचाऱ्याला कळतं. हा मुलगा स्वतः आठ वर्षं वसतिगृहात राहिलाय, नंतर बोलताबोलता कळलं.

मी त्याला विचारलं, ही चार पानं कुठून आली?

"ती तशीच आली," तो म्हणाला. "ती म्हटलं काढून टाकावीत. गोष्ट पुढं जात नाही त्यानं."

मी पहिली सत्तर पानं पिनेतून सोडवून बाजूला ठेवली आणि सातवं प्रकरण वर लावलं. त्याला सांगितलं, आचारी ताटं मोजतोय इथून सुरुवात कर, पोरगं अनाथ आहे की नाही ते मागाहून बघू. दोन महिने झाले. परवा मेसेज आला : "मॅडम, एकशे चौदावं ताट पण निघालंय."